विझणारा लायटर

लायटर चांगला कोणता, असं विचारलं की शंभरातली नव्व्याण्णव माणसं एकच उत्तर देतात : जो पहिल्या झटक्यात पेटतो तो. या नव्व्याण्णव माणसांशी माझं भांडण आहे. हे भांडण मी यवतमाळला दत्त चौकाजवळच्या एका पानठेल्यावर गेलं वर्षभर एकट्यानं लढवतो आहे आणि बहुमत पलीकडे असल्यामुळे रोज संध्याकाळी हरून घरी येतो आहे. म्हणून म्हटलं, आता लेखीच मांडावं. लेखी भांडणाचा एक फायदा असतो. ऐन मुद्द्यावर आलो असताना समोरचा "गुरुजी, च्या घ्या" म्हणून मुद्दा बुडवू शकत नाही.

आधी एक खुलासा करून टाकतो, नाहीतर वाचकांच्या मनात नसत्या शंका यायच्या. मी सिगारेट ओढत नाही. ओढत होतो. मास्तरकीची पहिली बावीस वर्षं इमानेइतबारे ओढली. पण एक दिवस मधल्या सुटीत सातवी 'ब'चा एक मुलगा फळ्यापाशी उभा राहून, खडू दोन बोटांत धरून, डोळे किलकिले करून हुबेहूब माझ्यासारखा धूर सोडताना दिसला आणि ती त्या दिवशी सुटली. सिगारेट सुटली, लायटर मात्र खिशात राहिला. घरातून बाहेर पडताना चष्मा, रुमाल, किल्ली आणि लायटर हे चार जिन्नस मी अजूनही चाचपून पाहतो.

आमची ही म्हणते, "ओढणं सोडलं तर हे लोढणं कशाला?" माझं म्हणणं, माणसाला विस्तव काय फक्त सिगारेटलाच लागतो? लाइन गेल्यावर मेणबत्ती कशानं लावायची? कळंबला चिंतामणीच्या देवळात उदबत्तीचे पुडे हातात घेऊन पाच भक्त एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभे असतात, तेव्हा त्या पाचांना पावणारा सहावा कोण? नातवाच्या वाढदिवसाचा केक आला, त्यावर मेणबत्त्या खोचून झाल्या, पोरांनी टाळ्यांसाठी हात वर केले आणि मग घरभर माचिस शोधणं सुरू झालं, हा प्रसंग तुमच्या घरी कधी घडलाच नाही असं छातीवर हात ठेवून सांगा.

हिच्या लेखी 'लायटर' म्हणजे ओट्यावरचा, लांब दांड्याचा, खट्खट् वाजणारा. त्यातून ठिणगी पडते, ज्योत निघत नाही. त्यामुळे तो शेगडी पेटवू शकतो, समई पेटवू शकत नाही. हे शास्त्र मला ठाऊक नव्हतं तेव्हा मी एकदा देवघरात बसून वातीवर दहा मिनिटं खट्खट् करत होतो. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "गुरुजी, देवाले टाइपिंग शिकवता काय?"

आता पानठेल्यावरच्या माझ्या विरोधी पक्षाची ओळख करून देतो. यातले निम्मेअधिक लोक खर्रा खाणारे आहेत. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घालून तळहातानं दम निघेपर्यंत घोटला की खर्रा होतो. त्याला काडी लागत नाही, लायटर लागत नाही, काही लागत नाही. म्हणजे ज्यांना जन्मात विस्तवाची गरज नाही, अशी मंडळी लायटर कोणता चांगला यावर सर्वांत ठाम बोलतात. एक म्हणतो, निळ्या ज्योतीचा, सूं करून आवाज येणारा घ्या. वादळात विझत नाही. दुसरा म्हणतो, झाकणाचा पेट्रोलचा घ्या. एकदा पेटवला की हातातून सोडा, पेटलेलाच राहतो. तिसऱ्याला बुडाशी बारकी बॅटरी असलेला लायटर पसंत आहे. (या लायटरमधला गॅस आठ दिवसांत संपतो आणि बॅटरी वर्षभर चालते. त्यामुळे त्याला लायटर का म्हणायचं, हा वेगळा वाद आहे.) चौथे एक निवृत्त हेडक्लार्क आहेत. ते या सगळ्यांच्या वर आहेत. त्यांचा लायटरलाच विरोध आहे. ते काडेपेटीवाले आहेत.

हेडक्लार्कसाहेबांचा मुद्दा असा, की लायटर हे नव्या जमान्याचं खूळ आहे आणि काडेपेटी ही आपली जुनी, सात्त्विक वस्तू आहे. हे साफ खोटं आहे. लायटर काडेपेटीपेक्षा वयानं मोठा आहे. जर्मनीत योहान डोबरायनर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८२३ साली पहिला लायटर केला. जस्त आणि गंधकाम्लापासून हायड्रोजन तयार करायचा आणि तो प्लॅटिनमवर सोडायचा, की पेट घेतलाच. तो खिशात मावणारा नव्हता, टेबलावर ठेवायचा होता, ही गोष्ट वेगळी. घासून पेटणारी काडी इंग्लंडातल्या जॉन वॉकर नावाच्या औषधविक्यानं त्यानंतर तीन वर्षांनी, १८२६ साली शोधली. हे मी सांगितलं तेव्हा हेडक्लार्कसाहेब म्हणाले, "तारखा तुमच्या, अनुभव आमचा." यावर काय बोलणार?

आणि खिशातला विस्तव म्हटला, तर आमच्या वऱ्हाडात या दोघांच्या आधीपासून होताच की. आमच्या आजोबांच्या चंचीत पान, सुपारी, तंबाखू यांच्या जोडीला चकमक असायची. पोलादाची एक वाकडी पट्टी, एक गारगोटी आणि नळीत कोंबलेला कापूस, एवढाच संसार. पट्टी गारगोटीवर आपटायची, ठिणगी कापसावर घ्यायची आणि फुंकर मारायची. गारगोट्या आमच्या काळ्या कातळाच्या मुलखात वावरात पायाला लागतात आणि कापसाबद्दल तर यवतमाळ जिल्ह्याला कुणी सांगायलाच नको. सगळा माल घरचा. आजच्या लायटरमध्येही तत्त्व तेच आहे. फक्त ज्याला आपण 'लायटरचा दगड' म्हणतो तो दगड नसतो. सेरियम वगैरे धातू आणि लोखंड यांचं ते मिश्रण असतं. ऑस्ट्रियातल्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या गृहस्थानं त्याचं पेटंट १९०३ साली घेतलं. याच गृहस्थानं त्याआधी, १८८५ साली, गॅसबत्तीचं मेंटल शोधलं होतं. म्हणजे आपल्याकडच्या वरातींत डोक्यावर बत्त्या घेऊन जी माणसं चालत होती, त्या बत्त्यांतला उजेड आणि नवरदेवाच्या मामाच्या खिशातली ठिणगी, दोन्ही एकाच डोक्यातून निघालेली. त्याला वरातीचं आमंत्रण मात्र कुणी दिलं नाही.

मुद्द्यावर येतो. लायटर पेटला पाहिजे, हे मलाही मान्य आहे. न पेटणारा लायटर मी काय चाटू? पण पेटणं ही लायटरची लायकी नव्हे, ती त्याची नोकरी आहे. त्यासाठीच त्याला घेतला आहे. वाघ्यानं भुंकावं, घड्याळानं चालावं, तसं लायटरनं पेटावं. त्यात कौतुक कसलं? लायटर पारखायचा तो विझण्यावरून. अंगठा उचलला की तो त्या क्षणी, कुरकुर न करता, विझतो की नाही? आणि हा प्रश्न पुण्या-मुंबईत कदाचित चैनीचा असेल, आमच्याकडे तो जिवाचा आहे. कारण आमच्या जिल्ह्यात पेटायला तयार नाही असं आहे काय? दिवाळीनंतर घराघरात भाव वाढायची वाट पाहत आढ्यापर्यंत कापूस भरलेला असतो आणि माणसं त्याच्या कडेनं अंग चोरून झोपतात. जिनिंगमध्ये कापसाचे डोंगर असतात. वणीकडे जमिनीखाली कोळसा आहे. जंगल आहे ते सागाचं, आणि उन्हाळ्यात त्याचा सगळा पाला खाली पडून कुरकुरीत होतो. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून कुणी झाडाखालचा पाला पेटवतो आणि तो विस्तव मग मोहाच्या झाडापाशी थांबत नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की माणसांची डोकीसुद्धा आपोआप पेटतात, त्यांना कुठलाच लायटर लागत नाही.

हे ज्यांना कळायला हवं, त्यांना बरोबर कळलेलं आहे. जिनिंगच्या फाटकावर बिडी-काडीला मनाई असते. भुईखालच्या कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्या माणसाचे खिसे आधी तपासतात. काडेपेटी आणि लायटर वरच ठेवावे लागतात, कारण खाली वायू असतो. विमानातही लायटर नेऊ देत नाहीत. नागपूरच्या विमानतळावर माझा एक लायटर त्या प्लॅस्टिकच्या टोपल्यात गेला, तो गेलाच. त्या टोपल्यात तीसचाळीस लायटर होते. त्यांतला प्रत्येक जण कुठल्यातरी खिशातला विश्वासू माणूस असणार, असं मनात येऊन मला गलबलून आलं. तरीपण टोपलं ठेवणाऱ्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

हे सगळं मला ज्ञान म्हणून पूर्वीपासून होतं. मास्तर माणसाला ज्ञान असतंच. अक्कल आली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये, आमच्या धाकट्या भावाच्या वावरात.

त्याचं वावर बाभुळगावच्या बाजूला आहे. कापसाची पहिली वेचणी सुरू करताना आमच्याकडे सीतादही करतात. पऱ्हाटीची पूजा करायची, दहीभात शिंपडायचा, दिवा लावायचा आणि मग बायांनी वेचायला लागायचं. मी दरवर्षी जातो. त्या वर्षी दिवाळीसाठी पुण्याहून आलेला पुतण्याही सोबत होता आणि त्याच्याजवळ झाकणाचा पेट्रोलचा लायटर होता. चार हजारांचा. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, काकाचा होता. सकाळी पूजा झाली, वेचणी सुरू झाली. दुपारी जेवायच्या वेळी वहिनींनी पाहिलं, तर धुऱ्यावरचा दिवा वाऱ्यानं विझलेला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तेवढा लावून द्या जी." माझा दहा रुपयांचा लायटर वाऱ्यात टिकेना. तेव्हा पुतण्यानं मोठ्या तोऱ्यात आपला काढून दिला आणि म्हणाला, "काका, हा घ्या. वाऱ्यातसुद्धा विझत नाही."

अगदी खरं होतं. नाही विझला.

मी तो पेटवला, दिवा लावला आणि नेहमीच्या सवयीनं अंगठा उचलला. चाळीस वर्षांची माझी सवय अशी, की अंगठा उचलला म्हणजे विषय संपला. पण या जातीचा लायटर अंगठ्याला विचारत नाही. झाकण बंद होईपर्यंत तो जळतच राहतो. मी वहिनींशी बोलत होतो. लायटर हातात पेटलेला आणि त्याचं धातूचं अंग तापत चाललेलं. बोटाला चटका बसला आणि तो हातातून सुटला. तो पडला कडुनिंबाखाली ठेवलेल्या कापसाच्या गाठोड्यावर.

कापूस कसा पेटतो हे ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांनी पाहू नये. आधी वरच्या वर एक झुळूक धावल्यासारखी ज्योत जाते, इतकी हलकी की वाटतं, काही झालंच नाही. मग काळं पडतं आणि विस्तव आत शिरतो. पुतण्या मोबाइलवर काहीतरी शोधायला लागला. मी निवृत्त शिक्षकाला शोभेल असं जागच्या जागी "अरे! अरे!" म्हणत उभा राहिलो. एक वेचणारी मावशी तिकडून ओरडत आली, "अवो गुरुजी, इझवा ना ते!" मी पाण्याची कळशी उचलून गाठोड्यावर रिकामी केली. पाणी कापसावरून मोत्यांसारखं घरंगळून गेलं. कच्च्या कापसाच्या अंगावर मेण असतं, तो पाणी लवकर पीत नाही, हे मी कधीकाळी मुलांना शिकवलेलंही असेल. मावशीनं मला बाजूला सारलं, गाठोडं उकललं, कापूस हातांनी ओढून मातीत पसरला आणि पायांनी तुडवला. तिच्या उजव्या तळहाताला फोड आला. दोन तासांनी, सगळं शांत झालं असं समजून आम्ही चहा पीत होतो, तेव्हा सरीत फेकलेल्या कापसातून पुन्हा धूर निघाला. पुन्हा तीच धावली.

ते गाठोडंही तिचंच होतं. सकाळपासून वेचलेलं.

मग हिशेबाचा प्रश्न आला. वेचाई किलोवर असते. दहा रुपये किलो ठरलेली. पण जळलेल्या कापसाचं वजन कसं करणार? भाऊ म्हणाला, अंदाजानं अकरा किलो धरू. मावशी म्हणाली, "चौदाच्या खाली नाई जी. हात माहे हायेत, मले मालूम नाई काय?" भाऊ म्हणाला, बारा. मावशी बोललीच नाही, नुसता तळहात वर करून दाखवला. चौदा ठरले. वेचाईचे एकशे चाळीस रुपये आणि तळहातासाठी डॉक्टरचे पैसे मी दिले. माझ्या सख्ख्या भावानंही मागे न राहता त्या वर्षीचा लांब धाग्याचा हमीभाव, क्विंटलला ७,५२१ रुपये, काढून चौदा किलोंचे एक हजार त्रेपन्न रुपये माझ्या नावावर मांडले. मी म्हटलं, "अरे, तुझा कापूस हमीभावानं जातो तरी का?" तो म्हणाला, "व्यापाऱ्यानं घेतला तर नाही जात. पण तुम्ही थोडेच व्यापारी आहात?" तळहात बरा व्हायला आठ दिवस गेले. ऐन वेचणीचे आठ दिवस. त्यांची मजुरी मी पोचती केली, पण उजव्या हातानं वेचणाऱ्या बाईनं आठ दिवस डाव्या हातानं भाकरी थापली, ती कुठल्या हिशेबात धरायची हे मला अजून कळलेलं नाही.

यवतमाळला परतल्यावर मी हा प्रसंग पानठेल्यावर सांगितला. वाटलं, विरोधकांचं मन वळेल. खर्रा घोटता घोटता पहिला म्हणाला, "पाहा, मी म्हटलं होतं ना, पेट्रोलचा विझत नाही म्हणून!" हा माणूस ते अजूनही स्तुती म्हणूनच सांगत होता. हेडक्लार्कसाहेब म्हणाले, "काडी असती तर?" काडी असती तर, साहेब, बोटाला चटका बसून तीही पडली असती आणि जळतच पडली असती. लायटरनं निदान एकदा तरी विझायचं वचन दिलेलं असतं. काडीनं कुणालाच काही वचन दिलेलं नाही. एस.टी.च्या खिडकीतून किती पेटत्या काड्या या जिल्ह्याच्या रस्त्याकडेच्या गवतात पडल्या असतील, त्याची नोंद कुठल्या हेडक्लार्कनं ठेवली आहे?

तेव्हापासून मी या विषयाचा अभ्यास केला. लायटरसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याचा क्रमांक ९९९४. ते वाचून मला जुना मित्र भेटल्यासारखं वाटलं, कारण त्यात माझंच म्हणणं लिहिलेलं आहे. गॅसच्या लायटरवरचा हात काढला की ज्योत दोन सेकंदांच्या आत विझली पाहिजे. दीड मीटरवरून पाडला तर तो फुटता कामा नये. ६५ अंश उष्णतेत चार तास ठेवला तर त्यानं टिकलं पाहिजे. ही शेवटची अट लिहिणारा माणूस कधीतरी मे महिन्यात यवतमाळच्या बसस्टँडवर उभा राहिलेला असावा, असा मला दाट संशय आहे. लायटरमधला ब्यूटेन शून्य अंशाच्या जरा खालीच उकळतो. म्हणजे तुमच्या खिशातल्या त्या इवल्याशा टाकीत तो नाइलाजानं, दाबाखाली, द्रव होऊन बसलेला असतो; बाहेर पडायची संधी पाहत असतो. लायटरच्या अंगावर बारीक अक्षरांत ५० अंशांच्या वर तापवू नका, असं लिहिलेलं असतं. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीला हे कोण सांगणार? माझा एक लायटर स्कूटरच्या डिकीत असाच फुटला. आत विजेचं बिल होतं. त्याला पुढे महिनाभर गॅसचा वास येत होता. भरायला गेलो तेव्हा खिडकीमागच्या बाईंनी नाकाला पदर लावला.

सरकारचंही या बाबतीत एक वेगळंच गणित आहे. शिवकाशी-कोविलपट्टीकडच्या काडेपेटीवाल्यांची तक्रार होती की बाहेरून येणारे स्वस्त लायटर आमचा धंदा बुडवतात. १ डिसेंबर २०२१ पासून काडेपेटी चौदा वर्षांनी एक रुपयाची दोन रुपयांना झाली होती, त्यात ही भर. तेव्हा जून २०२३ मध्ये सरकारनं हुकूम काढला, की वीस रुपयांहून कमी किमतीचा सिगारेट लायटर परदेशातून आणायचा नाही. धंदा वाचवायला हे ठीक असेल. पन्नास माणसांच्या पोटाचा प्रश्न असेल तर मी मधे बोलणार नाही. पण पानठेल्यावर याचा अर्थ असा झाला, की स्वस्त तो वाईट आणि महाग तो चांगला. माझ्या भावाच्या वावरात जो पडला तो चार हजारांचा होता, हे मी किती वेळा सांगायचं? त्यापेक्षा त्याच वर्षीचा दुसरा हुकूम मला आवडला. त्यात लायटरलाही गुणवत्तेचं मानक आणि त्याचा शिक्का लागू केला. वीस रुपयांच्या हुकुमाची बातमी सगळ्यांनी वाचली होती. शिक्क्याच्या हुकुमाची फक्त मी.

आता मी लायटर कसा घेतो ते सांगतो. ठेलेवाल्यापुढे मी सात-आठ लायटर एकदम मागतो. आधी शिक्का पाहतो. मग अंग पारदर्शक आहे ना ते बघतो, कारण आत गॅस किती उरला हे ज्याला लपवावंसं वाटतं, त्याच्याशी व्यवहार कशाला? ज्योत लहान-मोठी करायची कळ असेल तर तो बाजूला ठेवतो. ही कळ आपण कधीच फिरवत नाही. आपल्या आधी ठेल्यावर उभा असलेला कुणीतरी पोरगा ती पूर्ण वर करून जातो आणि पहिल्याच झटक्याला आपल्या भुवया जातात. चाक जरा घट्ट फिरलं तर मी नाराज होत नाही. पोरासोरांच्या हाताला सहज फिरू नये म्हणून काही लायटरांच्या चाकावर पत्र्याची पट्टी असते. अमेरिकेत १९९४ पासून लायटर पोरांना पेटवता येऊ नये असा कायदाच आहे. माझ्या अंगठ्याला त्रास होतो, होऊ दे. घरात पाच वर्षांचा नातू आहे आणि त्याला माझ्या सर्व खिशांचे पत्ते ठाऊक आहेत.

मग लायटर कानाशी नेऊन गॅस सूं करतो का ते ऐकतो. आणि शेवटी मुख्य परीक्षा. पेटवायचा, अंगठा उचलायचा, पाहायचं. पुन्हा पेटवायचा, उचलायचा, पाहायचं. असं दहा वेळा. नऊ वेळा चटकन विझून दहाव्या वेळी जो बारीकशी निळी ज्योत मागे ठेवतो, त्याला मी काही झालं तरी घेत नाही. मग तो वाऱ्यात, पावसात, वादळात कितीही पेटो. खिशात जाणार आहे तो, वादळात नव्हे. दुसऱ्या दिवशी ठेलेवाला न राहवून म्हणालाच, "गुरुजी, तुमी लायटर घेता का पोरगी पाह्यता?" मी म्हटलं, "बाबा, पोरगी पाहताना एवढं पाहिलं असतं तर मला कुणी दिली नसती." हे वाक्य घरी कसं पोचलं कुणास ठाऊक. दोन दिवस मला समई ओट्यावरच्या लायटरनं लावायला सांगण्यात आलं.

वाऱ्यात न टिकणाऱ्या लायटरनं वावरात दिवा कसा लावायचा, हा विरोधकांचा शेवटचा प्रश्न असतो. अंगाची आड करायची. टोपी काढून धरायची. वाऱ्याकडे पाठ करून दोघांनी उकिडवं बसायचं आणि एकानं लावायचा. आमचे आजोबा तर चकमकीच्या नुसत्या ठिणगीवर भागवायचे आणि त्यांच्या दिव्याबद्दल देवानं कधी तक्रार केल्याचं ऐकलेलं नाही.

२०२५ च्या सीतादहीला मी गेलो तो असाच निवडून घेतलेला लायटर खिशात घालून. पुतण्या आला नव्हता. त्यानं फोनवरून शुभेच्छा दिल्या. पूजा मांडून झाली, वहिनींनी वात तेलात भिजवली आणि मी खिशात हात घातला. तोच ती मावशी पुढे आली. तळहातावरचा डाग आता फिकट झाला होता. म्हणाली, "आना इकडे." मी मुकाट्यानं लायटर तिच्या हातावर ठेवला. तिनं तो उलटासुलटा पाहिला, वाऱ्याकडे पाठ केली, पेटवला, अंगठा उचलला. पुन्हा पेटवला, उचलला. तिसऱ्यांदा पेटवून जरा वेळ धरला आणि मग सोडला.

"इझते," ती म्हणाली आणि मला परत दिला.

माझी छाती फुगली. मी मागे वळून भावाकडे पाहिलं. मग नजर कडुनिंबाखाली गेली, तर तिथे बायांचं काहीच नव्हतं. रिकामी धोपटी, फडकी, डबे, पाण्याच्या कळश्या, सगळं वावराच्या पार दुसऱ्या टोकाला, बोरीखाली नेऊन ठेवलेलं.

"इझते थे खरं हाय जी," मावशी म्हणाली, "पर गाठोडे आमी तिकडंच ठेवतो."